संशोधक डॉक्टरांचं मोठेपण मोजायचं कसं?

एक जुलै जवळ आला की बेळगावात डॉक्टरांचे सत्कार सुरू होतात. डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिवस आणि स्मृतिदिन एकाच तारखेला येतो आणि १९९१ पासून देशभर हा दिवस डॉक्टर दिन म्हणून पाळला जातो. टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी, कुठंही जा, भाषणांचा सूर ओळखीचा असतो. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, रात्री-अपरात्री धावून येतात, गरिबाकडून पैसे घेत नाहीत. हे सगळं खरं असतं आणि त्यासाठी शाल-श्रीफळ द्यायलाच हवं. पण त्याच व्यासपीठावरच्या एखाद्या डॉक्टरनं उभी हयात एका रोगाचा अभ्यास करण्यात घातली असेल, तर निवेदक "त्यांचे अनेक शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत" एवढं वाक्य वाचतो आणि पुढच्या नावाकडं वळतो. अनेक म्हणजे किती, कशावरचे, त्यातून रोग्याचं काय भलं झालं, हे कुणी विचारत नाही. विचारायचं कसं हेच आपल्याला ठाऊक नसतं.

ते ठाऊक व्हावं म्हणून हा लेख आहे. उदाहरणासाठी लांब जायचीही गरज नाही, आपल्याच जिल्ह्यात ते घडलेलं आहे.

एक गोळी आणि एक प्लास्टिकची चादर

बाळ जन्मल्यावर आणि वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आवळलं जावं लागतं. ते आवळलं की आतल्या उघड्या रक्तवाहिन्या मिटतात. ते सैलच राहिलं, तर रक्त वाहत राहतं आणि धडधाकट बाई काही तासांत दगावू शकते. पाचशे मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं तर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. यावर ऑक्सिटोसिन नावाचं इंजेक्शन चांगलं लागू पडतं, पण ते थंड ठेवावं लागतं, टोचणारा माणूस लागतो आणि सुई लागते. पंचवीस वर्षांपूर्वी खेड्यातल्या घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईकडं यातलं बरंचसं नसायचं.

मिसोप्रोस्टॉल नावाची एक गोळी मात्र स्वस्त होती, फ्रिजशिवाय टिकत होती आणि तोंडानं घेता येत होती. ती खेड्यात, डॉक्टर जवळ नसताना, नर्सबाईच्या हातून दिली तर रक्तस्राव खरंच थांबतो का? हा प्रश्न बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतले डॉ. रिचर्ड डर्मन यांच्या सोबतीनं हाती घेतला. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत १,६२० बाळंतिणी या अभ्यासात सामील झाल्या. ८१२ जणींना खरी गोळी मिळाली. ८०८ जणींना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी मिळाली.

कुणाला कोणती गोळी द्यायची हे नर्सबाईनं ठरवायचं नव्हतं, ते आधीच चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं होतं. याला महत्त्व फार आहे. निवड माणसाच्या हाती दिली की तो नकळत अशक्त बाईला औषध देतो, मग दोन्ही गट सारखे राहत नाहीत आणि तुलना बिघडते. शिवाय आपण दिलेली गोळी खरी की कोरी हे देणाऱ्या नर्सबाईलाही कळत नव्हतं, त्यामुळं रक्त मोजताना तिचं मन कुठल्या बाजूला झुकायचा प्रश्न उरला नाही. कोरी गोळी देणं निर्दयपणाचं वाटेल. पण औषधाचा गुण आहे की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तर चाचणी घ्यावी लागते. ती घेण्याआधी नैतिकता समितीची परवानगी लागते आणि बाईची स्वतःची संमती लागते.

आता रक्त मोजायचं कसं, हा दुसरा प्रश्न. बाळंतपणात रक्त कपड्यांत मुरतं, जमिनीवर पसरतं, पाण्यात मिसळतं. त्यासाठी या मंडळींनी एक प्लास्टिकची चादर तयार केली. बाळ बाहेर आल्यावर ती बाळंतिणीच्या खाली सरकवायची, वरच्या टोकाचा पट्टा तिच्या पोटाभोवती सैलसर बांधायचा. खालचं टोक नरसाळ्यासारखं निमुळतं, त्यावर मिलिलिटरच्या खुणा छापलेल्या. रक्त ओघळून त्या थैलीत जमतं आणि किती झालं ते आकड्यात दिसतं. डोळ्यांचा अंदाज आणि या चादरीचं माप यांची तुलना केली, तेव्हा डोळ्यांचा अंदाज सरासरी एक तृतीयांशानं कमी भरला. तीनशे वाटतंय म्हणेपर्यंत साडेचारशे गेलेलं असायचं, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

निष्कर्ष २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकातल्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. कोऱ्या गोळीच्या गटात १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, खऱ्या गोळीच्या गटात ६.४ टक्के. खूप गंभीर रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. गोळीनं काहींना थंडी वाजली, ताप आला, तेही निबंधात लिहिलेलं आहे. टक्क्यांवरून नीट बोध होत नसेल तर असं बघा: शंभर जणींत साडेपाच-सहा जणींचा अतिरक्तस्राव टळला, म्हणजे अठरा जणींना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. कुठल्याही औषधाबद्दल "किती जणांना दिलं की एकाचं भलं होतं" हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. जाहिरातीतल्या "निम्म्यानं कमी" पेक्षा तो कितीतरी प्रामाणिक आहे.

पुढं २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणातला रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. जगभरच्या अभ्यासांचा तो एकत्रित परिणाम होता आणि बेळगावचा अभ्यास त्यातला एक ठळक पुरावा होता. रक्त मोजायच्या चादरीचं महत्त्वही वाढत गेलं. २०२३ मध्ये चार आफ्रिकी देशांतल्या सुमारे ऐंशी रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांमध्ये, अशाच खुणांच्या चादरीनं रक्त मोजून लगेच ठरावीक उपचार एकत्र करायची पद्धत तपासली गेली. गंभीर रक्तस्राव आणि त्यामुळं ओढवणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचं प्रमाण साठ टक्क्यांनी घटलं.

हे महाविद्यालय ज्या नेहरूनगरात आहे, तिथल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? मला हे मनापासून खटकतं. आपल्या चौकात क्रिकेटचा रणजी खेळाडू निघाला तर फलक लागतो, लागावाच. पण आपल्या खेड्यांतल्या बायकांनी आणि आपल्या नर्सबाईंनी मिळून जगाच्या बाळंतपणात भर घातली, हे शाळेच्या फळ्यावरही कधी आलं नाही.

नाव कुणाचं, कितवं

शोधनिबंधावर लेखकांची नावं ओळीनं येतात आणि त्या क्रमाला अर्थ असतो. वैद्यकात बहुतेक वेळा पहिलं नाव ज्यानं सर्वांत जास्त काम केलं आणि लिहिलं त्याचं, शेवटचं नाव ज्याच्या मार्गदर्शनाखाली काम झालं त्या ज्येष्ठाचं. मधली नावं बाकीच्या सहकाऱ्यांची. एका नावापुढं पत्रव्यवहाराचा पत्ता असतो, शंका आल्या तर उत्तरं देणारा तो. तेव्हा "दोनशे निबंध" ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा: त्यात पहिलं किंवा शेवटचं नाव किती वेळा?

नाव कुणाचं घालावं याचे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी आखून दिलेले चार निकष आहेत. कामाच्या आखणीत किंवा माहितीत भरीव वाटा हवा, मसुदा लिहिण्यात किंवा सुधारण्यात हात हवा, छापायच्या अंतिम प्रतीला मान्यता हवी आणि पुढं चूक निघाली तर जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही हवेत. विभागप्रमुख आहेत म्हणून घातलेलं नाव या निकषांत बसत नाही, आणि अशी नावं पडतात हे वैद्यकीय महाविद्यालयात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

याच नियमाची दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते. गोळीच्या त्या अभ्यासात पंचवीस नर्सबाईंनी बाळंतपणं केली, गोळ्या दिल्या, रक्त मोजलं. पावसाळ्यात चिखल तुडवत जायचं, सासूला समजावायचं, "अक्का, सही करायच्या आधी हे नीट ऐकून घ्या" म्हणत संमतीपत्र वाचून दाखवायचं, हे काम ज्यांनी केलं त्यांची नावं लेखकांच्या ओळीत नाहीत. निकषांप्रमाणं ती येतही नाहीत. त्या रक्तमापाच्या चादरीला मात्र ती तयार करणाऱ्या सात जणांच्या नावांची आद्याक्षरं जोडून नाव दिलं गेलं, आणि श्रेय वाटून घ्यायची ती रीत मला आवडली. तसंच काहीतरी नर्सबाईंसाठी आणि आता आशा सेविकांसाठी शोधायला हवं. कागदावर जमत नसेल तर निदान गावच्या व्यासपीठावर तरी.

प्रयोगशाळा नसलेला संशोधक

संशोधन म्हणजे मोठं महाविद्यालय आणि परदेशी निधी, असा समज होऊ नये म्हणून आपल्या शेजारच्या कोकणातलं उदाहरण सांगतो. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं यायची आणि त्यातली कितीतरी जायची. तेव्हा उपचार वेदनेवर व्हायचा. बावस्करांनी रोग्यापाशी बसून टिपणं ठेवली: दरदरून घाम, हातपाय गार, नाडीचा वेग, रक्तदाब आधी चढतो मग कोसळतो, शेवटी फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस. माणूस वेदनेनं जात नाही, हृदय थकून जातो हे त्यातून स्पष्ट झालं. विंचवाचं विष शरीरातल्या ताणाच्या संप्रेरकांचा लोंढा सोडतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता येत नाही. मग रक्तवाहिन्या सैल करणारं, रक्तदाबावर वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिलं. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यावर निबंध आला. मृत्यूचं जे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात होतं, ते एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरलं.

पण मला त्यांचं खरं मोठेपण पुढच्या एका कामात दिसतं. विंचवाच्या विषावरची प्रतिलस, म्हणजे विष निकामी करणारं इंजेक्शन, उपलब्ध झाल्यावर त्यांनी सत्तर रोग्यांवर रीतसर तुलना केली. अर्ध्यांना फक्त प्राझोसिन, अर्ध्यांना प्राझोसिन आणि प्रतिलस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले दुसऱ्या गटात ९१ टक्के होते, पहिल्या गटात २३ टक्के. ज्या औषधानं आपलं नाव जगभर झालं ते एकटं पुरेसं नाही, हे त्यांनी स्वतः मोजलं आणि २०११ मध्ये छापलं. संशोधक ओळखायचा असेल तर हे बघावं: आपल्याच म्हणण्याची परीक्षा घ्यायची तयारी आहे का? त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

अशी माणसं थोडी का असतात, याची कारणं साधी आहेत. ओपीडीची रांग संपल्यावर माहिती भरायची, समितीची पत्रं लिहायची, आकडेमोड करायची. त्या वेळात खासगी दवाखाना चालवला तर पैसे मिळतात, संशोधनात बहुधा जातात. रोगी आणि प्रश्न दोन्ही सांभाळणं हे दोन पूर्ण नोकऱ्या करण्यासारखं आहे.

आकडे काय सांगतात, काय लपवतात

हल्ली डॉक्टरांच्या परिचयात "एच-इंडेक्स" नावाचा आकडा येतो. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये तो सुचवला. समजायला सोपा आहे. एखाद्याचे दहा निबंध असे आहेत की त्या प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी किमान दहा वेळा केलाय, आणि अकरा निबंध प्रत्येकी अकरा वेळा उल्लेखले गेलेत असं म्हणता येत नाही, तर त्याचा एच-इंडेक्स दहा. नुसते ढीगभर निबंध लिहून तो वाढत नाही आणि एकच निबंध गाजला तरी वाढत नाही, ही त्याची चांगली बाजू.

वाईट बाजू अशी की, वय वाढलं की तो आपोआप वाढतो आणि कधी कमी होत नाही. पहिलं नाव आणि तिसावं नाव त्याला सारखंच. आजच्या मोठ्या चाचण्या अनेक देशांत एकत्र चालतात. प्रसूतीवेळी अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचा एक डोस दिला तर आईला होणारा जंतुसंसर्ग कमी होतो का, हे पाहणारी २०२३ मध्ये छापलेली चाचणी २९ हजारांहून जास्त बायकांवर सात देशांत झाली, त्यात बेळगावही होतं. आईचा गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर आलं. काम फार मोलाचं, पण अशा निबंधावर लेखक डझनांनी असतात आणि सगळ्यांच्या खात्यात सारखीच भर पडते. एच-इंडेक्सवरून दोन डॉक्टरांची उंची मोजणं चुकीचं आहे, वेगवेगळ्या शाखांचे असतील तर अगदीच चुकीचं.

आणि काही कामं आकड्यात मावतच नाहीत. १९७१ च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलराची साथ पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा ठरावीक प्रमाणात मिसळलेलं पाणी नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. आज आपल्या प्रत्येक घरात जुलाब झाले की ओआरएसचं पाकीट फोडतात, त्यामागं हे धाडस आहे. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण २०२३ मध्ये जाहीर झाला, मरणोत्तर. कॉलराचं विष शोधून काढणारे कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांच्या वाट्याला तर आयुष्यभर देशात फारशी दखलच आली नाही. १९५९ मध्ये त्यांचा निबंध 'नेचर' या विज्ञानातल्या नामांकित नियतकालिकात आला होता, १९८५ मध्ये ते गेले.

पुरस्कार कसे वाचावेत

पुरस्कारांच्या यादीत सगळं सारखं दिसतं, म्हणून थोडं सांगतो. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जाऊ लागला. तो ४५ वर्षांच्या आतल्या शास्त्रज्ञांसाठी होता आणि वैद्यकाला त्यात वेगळी शाखा होती. आता तो राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत सामावून घेतलाय. तिथं निवड त्या विषयातली जाणकार माणसं करतात. याउलट नोंदणी शुल्क भरा, दिल्लीला किंवा दुबईला या आणि "सर्वोत्कृष्ट डॉक्टर" म्हणून मानचिन्ह घेऊन जा, असे पुरस्कारही सर्रास आहेत. तसंच पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं आहेत. बढतीसाठी निबंध लागतात, म्हणून त्यांचं दुकान चालतं. ओळखायची खूण सोपी: पुरस्कार घेणाऱ्यानं पैसे भरले असतील, तर तो पुरस्कार नाही.

पद्म पुरस्कारांबद्दल आपल्याकडं एक गैरसमज आहे की ते मंत्र्यांच्या शिफारशीनंच मिळतात. नामांकन कुणीही नागरिक सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करू शकतो, स्वतःचंही. सरकारी नोकरांना हे पुरस्कार मिळत नाहीत, पण डॉक्टर आणि शास्त्रज्ञ त्याला अपवाद आहेत. म्हणजे सिव्हिलमधल्या किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरचंही नाव पाठवता येतं. जास्तीत जास्त आठशे शब्दांत त्या माणसाचं काम लिहावं लागतं. हे आठशे शब्द लिहिणं हाच अवघड भाग आहे, आणि आपल्याकडची चांगली नावं तिथंच अडतात. "गोरगरिबांची सेवा केली" असं लिहून भागत नाही. प्रश्न काय होता, काय केलं, किती जणांवर, आधी काय होतं, नंतर काय झालं, आणि दुसऱ्या कुणी ते वापरलं का, हे आकड्यांसकट लिहावं लागतं.

माहिती मिळते, तीही फुकट. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत डॉक्टरचं नाव टाकलं की निबंध दिसतात. २००७ पासून भारतात औषधचाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे, सीटीआरआय नावाची. त्यात चाचणी कुठं, किती जणांवर, कोण जबाबदार, हे सुरुवातीलाच नोंदवावं लागतं, म्हणजे निकाल मनासारखा आला नाही म्हणून दडपणं अवघड जातं. निबंधाचा सारांश इंग्रजीत असतो, पण महाविद्यालयात शिकणारं पोर घरोघरी आहे. त्याच्याकडून वाचून घ्यावं.

टिळकवाडीतल्या व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर आपण लहानपणापासून जातो, सभा ऐकतो, सकाळी फिरतो. देवीची लस जिथं तयार व्हायची त्या संस्थेवरून हे नाव आलं. लस करणाऱ्या डॉक्टरांची नावं बेळगावात कुणाला सांगता येणार नाहीत. नेहरूनगरात आज आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, खेड्याखेड्यांत चाचण्या चालू आहेत. सीमाभागात संमतीपत्र कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लागतं, कारण ज्या भाषेत बाईला कळतं त्याच भाषेत तिला विचारायचं असा नियम आहे. मग निष्कर्षही तिला त्याच भाषेत का सांगू नये?

कडोलीपासून खानापूरपर्यंत आपल्या गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. त्यातल्या एका सत्रात अर्धा तास एखाद्या संशोधक डॉक्टरला द्यावा, आणि त्याच्यासोबत त्या अभ्यासात गावोगाव हिंडलेल्या नर्सबाईलाही बोलवावं. डॉक्टरनं एकच अभ्यास सांगावा, तो कन्नडमिश्रित मराठीत सांगितला तरी चालेल. लोकांनी किती जणांवर केलं, तुलना कुणाशी केली, त्रास कुणाला झाला, निधी कुणी दिला, हे विचारावं. नर्सबाईनं दारात बायका काय म्हणाल्या ते सांगावं. सत्राचं टिपण करून ठेवलं, तर पुढच्या नामांकनाचे आठशे शब्द लिहायला तेवढं पुरतं.